स्वस्तात अंदमान: बोटीनं बेटं फिरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की अंदमानचे प्रश्न सुरू होतात आणि त्यातले निम्मे पैशांचे असतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. स्वतः प्लॅन करून, जमेल तिथं सरकारी बोटीनं फिरायचं असेल त्यांच्यासाठी हे आहे. पॅकेजनं जाणार असाल तरी बोटींचा भाग वाचाच, पॅकेजमध्ये आपले दिवस कुठं खर्ची पडतात ते त्यातून कळतं.

पॅकेज न घेता खरंच स्वस्त पडतं का?

पडतं, पण विमान सोडून. मुंबई-पुण्याहून पोर्ट ब्लेअरचं तिकीट हाच ट्रिपमधला सगळ्यात मोठा आकडा, आणि त्यात पॅकेजवाला फारसं काही कमी करू शकत नाही. तुम्ही वाचवू शकता ते त्यानंतरच्या गोष्टींवर. पॅकेजमध्ये दिवसभर दारात उभी असलेली गाडी असते, खासगी बोटीची वरच्या क्लासची तिकिटं असतात, आणि रोज एक तरी वॉटर स्पोर्ट गळ्यात मारलेला असतो. हॅवलॉक आणि नील ही बेटं इतकी छोटी आहेत की गाडी लागतच नाही, हॅवलॉकला स्कूटी पुरते आणि नीलला तर सायकल. या एका गोष्टीतच चौघांच्या कुटुंबाचे बरेच पैसे वाचतात.

बेटांची नावं बदललीत ना? तिकीट काढताना घोळ होतो.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं दिसतील, धक्क्यावरचे लोक अजून जुनीच म्हणतात. मी खाली जुनीच वापरलीत, कारण विचारणारेही तीच वापरतात.

आधी काय बुक करायचं, विमान, हॉटेल की बोट?

बहुतेक जण विमान घेतात, मग हॉटेलं घेतात, आणि बोट सगळ्यात शेवटी बघतात. मग हॉटेल ज्या तारखेला नीलचं आहे त्या तारखेची बोट फुल्ल, म्हणून महागडी खासगी बोट घ्यावी लागते किंवा एका हॉटेलचे पैसे सोडून द्यावे लागतात. अंदमानात बजेट बोट ठरवते. आधी कागदावर बोटींचा क्रम लिहा, कुठल्या दिवशी कुठून कुठं, मग त्याला जुळेल असं विमान घ्या, मग रूम अशा घ्या की एकदोन दिवस आधी सांगितलं तर पैसे परत मिळतात. आणि बोटीचं बुकिंग उघडलं की त्याच दिवशी तिकीट काढून टाका.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. सकाळी नीलहून बोट पकडून दुपारचं विमान गाठू असं प्लॅन करणारे लोक मी बघते आणि मला त्यांची काळजी वाटते, समुद्र खवळला तर ती बोट सुटणारच नाही आणि नवं विमान त्या दिवसाच्या भावानं घ्यावं लागेल. एका रात्रीच्या रूमचे पैसे त्यापुढं काहीच नाहीत.

सात रात्रींत कुठला रूट घ्यायचा?

त्रिकोण करा. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर. हॅवलॉक आणि नीलमध्ये थेट बोट आहे, तासाभराच्या आतबाहेर लागतो, त्यामुळे कुठलाच टप्पा दोनदा करावा लागत नाही. पॅकेजमध्ये कधीकधी दोन्ही बेटं पोर्ट ब्लेअरहून वेगवेगळी करवतात, ते अजिबात मान्य करू नका.

रात्री अशा वाटा: पोहोचल्यावर पोर्ट ब्लेअरला एक, हॅवलॉकला तीन, नीलला दोन, परत पोर्ट ब्लेअरला एक. नीलला एकच रात्र देऊन लोक पळतात आणि मग म्हणतात तिथं काही नाही. बोट दुपारी पोहोचते, दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं, मग दिसणार काय? कमी बेटं आणि जास्त मुक्काम हेच स्वस्त पडतं, कारण प्रत्येक हलण्याला बोट, दोन रिक्षा आणि अर्धा दिवस जातो.

सरकारी बोट आणि खासगी बोट यात फरक काय?

एजंट ज्याला क्रूझ म्हणतो ती म्हणजे खासगी बोट. मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशी नावं ऐकाल. एसी असतो, नंबरच्या खुर्च्या असतात, पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक साधारण दीड तासात नेतात आणि एका टप्प्याला साधारण बाराशेपासून दोन-अडीच हजारापर्यंत पडतात, क्लास आणि सीझनवर आहे. वेगवान बोटींमध्ये बहुतेक वेळ आतच बसावं लागतं. ग्रीन ओशन त्यामानानं हळू जाते पण तिच्या डेकवर उभं राहता येतं.

सरकारी बोट अंदमान प्रशासनाचं जहाज खातं चालवतं. तिकीट खासगीपेक्षा बरंच कमी, वेळ दोन ते अडीच तास, आणि ती मुळात बेटावर राहणाऱ्या लोकांसाठी आहे. म्हणजे तुमच्या शेजारी पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यातून परतणारी आजी असते, कुणी नवा पंखा खोक्यासकट मांडीवर घेऊन बसलेला असतो, खाली पोत्यांची आणि अंड्यांच्या ट्रेंची रचना चाललेली असते. बोट बंदरातून बाहेर पडली की डेकवर जाऊन कठड्याशी उभं राहा आणि पाण्याच्या अगदी लगत बघत राहा, बोटीच्या लाटेतून उडते मासे सुटतात, चांदीसारखे, पाण्याला टेकून बरंच लांब जातात आणि गायब होतात. एसी केबिनच्या खारट झालेल्या काचेतून हे दिसत नाही. मला विचाराल तर पैशांचा प्रश्न नसला तरी एक टप्पा सरकारीनंच करा, आणि तो सकाळचा करा.

लहान बाळ बरोबर असेल किंवा कुणाला बोट फार लागत असेल तर मात्र वेगवान खासगी बोट घ्यायला हरकत नाही, तासभर कमी त्रास होतो.

सरकारी बोटीचं तिकीट मिळतच नाही असं ऐकलंय.

मिळतं, पण त्यासाठी पहिल्यापासून लागावं लागतं. ऑनलाइन मिळतं आणि पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे जेट्टीच्या काउंटरवरही मिळतं. बुकिंग महिनोन्‌महिने आधी उघडत नाही, प्रवासाच्या काही दिवस आधीच उघडतं, त्यामुळे घरून निघायच्या आधीच्या आठवड्यात रोज साइट बघायची सवय लावून घ्या. स्थानिकांसाठी वेगळा कोटा असतो आणि तो असायलाच पाहिजे, त्यांची ती एसटी आहे. ऑनलाइन नाही मिळालं तर पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर हॉटेलला जायच्या आधी काउंटर गाठा, सगळ्यांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स घेऊन. पहिली बोट फुल्ल असेल तर त्याच दिवशी दुपारच्या बोटीचं विचारा, पर्यटक सगळे सकाळच्याच मागं असतात.

तिकिटावर नाव असतं आणि चढताना मूळ ओळखपत्र बघतात, त्यामुळे आधारकार्ड बॅगेच्या तळाशी ठेवू नका. जेट्टी कुठली तेही तिकिटावर नीट वाचा, कारण पोर्ट ब्लेअरला काही बोटी फिनिक्स बेहून सुटतात आणि काही हॅडोहून, आणि ऐनवेळी रिक्षानं एका जेट्टीवरून दुसरीकडं पळणारे लोक रोज दिसतात.

बोट रद्द झाली तर?

हवामान बिघडलं की बंदराचे लोक बोटी थांबवतात, सरकारी आणि खासगी दोन्ही. पैसे परत मिळतात, दिवस परत मिळत नाही. म्हणून वर म्हटलं तसं शेवटी एक दिवस मोकळा ठेवा. बोट रद्द झाल्याचं कळलं की पहिलं काम म्हणजे तिथल्याच काउंटरवर जाऊन पुढच्या बोटीत नाव घालणं, फोनवर बसून राहू नका.

मला बोट लागते. काय करू?

आदल्या रात्री नीट झोपा, सकाळी उपाशी चढू नका, इडली किंवा पोळीसारखं काहीतरी कोरडं खा, तेलकट पुरी-भाजी नको. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची असेल तर निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी बसतात. मोबाईल खाली ठेवून लांब क्षितिजाकडं बघायचं. आलेपाक घरून न्या, तिथं मिळणार नाही.

कधी जायचं?

समुद्र सगळ्यात शांत जानेवारी ते एप्रिल. मेच्या मध्यापासून पाऊस लागतो आणि आपल्याकडं जसा सप्टेंबरमध्ये संपत येतो तसा तिथं संपत नाही, परतीचा मान्सूनही तिथं पडतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळंही येतात. दिवाळीत जाणाऱ्यांनी म्हणून एकाऐवजी दोन दिवस मोकळे ठेवावेत. ख्रिसमस ते न्यू इयर टाळा, रूमचे भाव दुप्पट होतात आणि बोटी भरलेल्या. स्वस्त आणि चांगलं दोन्ही हवं असेल तर फेब्रुवारी-मार्च, शाळा चालू असतात तेव्हा. मुलांच्या परीक्षा असतील तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन सहन करायच्या तयारीनं जा.

दिवस लवकर संपतो हे मात्र कायम लक्षात ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, साधारण ९३ रेखांशावर, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी दहाला आवरून निघणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. पाचला उठा, तेव्हाच उजाडायला लागलेलं असतं.

चेन्नईहून जहाजानं गेलं तर स्वस्त पडेल ना?

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजं जातात, साधारण तीन दिवस लागतात. बंकचं, म्हणजे सगळ्यात साध्या क्लासमधल्या झोपायच्या फळीचं, तिकीट विमानापेक्षा खूप स्वस्त असतं. पण वेळापत्रक आधी फार दिवस कळत नाही, जहाज रोज नसतं, आणि मुंबईहून चेन्नईपर्यंतची रेल्वे धरली तर जाण्यातच चार-पाच दिवस गेले. आठवड्याची रजा असलेल्यांनी विचारही करू नका. कॉलेज संपलंय, नोकरी लागायचीय, वेळच वेळ आहे, अशांनी मात्र जाताना जहाज आणि येताना विमान असं जरूर करावं. बंकमध्ये गर्दी आणि उकाडा असतो, जेवण साधं असतं, स्वतःची चादर आणि खाऊ न्या. पावसाळ्यात नको.

हॅवलॉकला गाडी न घेता कसं फिरायचं?

स्कूटी दिवसाला साधारण पाचशेच्या आसपास मिळते, लायसन्स आणि हेल्मेट लागतं. घ्यायच्या आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. स्कूटी येत नसेल तर जेट्टीपासून राधानगर बीचपर्यंत सरकारी बस आहे, दहा-बारा किलोमीटरचा रस्ता, तिकीट अगदी किरकोळ. उतरतानाच शेवटची बस किती वाजता ते कंडक्टरला विचारून ठेवा, कारण राधानगरचा सूर्यास्त बघून सगळे एकदम बाहेर पडतात आणि तेव्हा रिक्षावाला म्हणेल तो भाव द्यावा लागतो.

राधानगरला फुकटात दिवस घालवता येतो. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित बीचना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला, बीचवर कपडे बदलायच्या खोल्या वगैरे नीट आहेत, आणि मागं उंचच उंच झाडांचं जंगल थेट वाळूपर्यंत येतं. पोहायला जायचं ते पाट्या आणि लाइफगार्ड सांगतील तेवढ्याच पट्ट्यात, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत.

एलिफंट बीचला बोटीनं जाण्यापेक्षा जंगलातून चालत जाता येतं, साधारण अर्धा तास, वाट चालू असेल तर. पावसात चिखल असतो आणि वनखातं वाट बंदही ठेवतं, त्यामुळे गावात विचारून जा. रूम जेट्टीजवळ नको, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला बघा, साध्या झोपड्या आणि होमस्टे तिकडं आहेत आणि समुद्र चालत दोन मिनिटांवर.

नीलवर नक्की बघायचं काय?

भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर, बीचची नावंच रामायणातली. बेट इतकं लहान आहे की भाड्याच्या सायकलवर एका दिवसात सगळं होतं, मधे भाताची आणि भाजीची शेतं लागतात. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेलं बेट आहे, आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीच भाजी इथून जाते.

लक्ष्मणपूरच्या नॅचरल ब्रिजला, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक कमानीला, जाताना ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच हॉटेलवाल्याला विचारा. भरतीला तिथं जाण्यात अर्थ नाही. ओहोटी पूर्ण लागली की खडकांमधली डबकी उघडी पडतात आणि तिथंच खरी मजा आहे, एकेका डबक्यात समुद्री काकडी, खेकडे, छोटे निळे मासे, जिवंत पोवळं. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त खाली जाते, तेव्हा सगळ्यात जास्त दिसतं. रबरी सोलच्या घट्ट चपला घाला, खडक धारदार आणि निसरडा आहे. पोवळ्यावर पाय देऊ नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते, बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात आणि फोटोसाठी लोक त्याच्यावर उभे राहतात.

पोर्ट ब्लेअरला एक दिवस पुरतो का?

सेल्युलर जेलसाठी सकाळ द्या, तासभर नाही. सात विंगांपैकी तीनच उरल्यात. सावरकरांना १९११ मध्ये इथं आणलं आणि १९२१ मध्ये रत्नागिरीला हलवलं, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, आणि मराठी माणसं तिथं गेल्यावर बराच वेळ बोलत नाहीत. त्यांचे भाऊ बाबारावही इथंच होते. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोचं तिकीट आधी काढा, पण शो बघितला म्हणून दिवसाचं बघणं चुकवू नका. त्या भिंतींवरची नावं वाचायला उजेड लागतो, आणि बंगाल, पंजाब, महाराष्ट्र, किती ठिकाणची माणसं होती ते तेव्हाच लक्षात येतं.

रॉसला अबर्डीन जेट्टीहून छोटी बोट जाते, बुधवारी बंद असतं. आणि स्वस्तातली आवडती गोष्ट म्हणजे चॅथमहून बांबूफ्लॅटची वाहनांची फेरी, तिकीट काही रुपयांचं, स्कूटी घेऊन चढता येतं. पलीकडं उतरून माउंट हॅरिएटवर जा, आता माउंट मणिपूर म्हणतात. जुन्या वीसच्या नोटेमागचं चित्र त्या वाटेवरून दिसतं, घरात एखादी नोट असेल तर मुलांसाठी घेऊन जा.

जेवणाचा खर्च? शाकाहारी आहोत.

मिळतं सगळीकडं. हॅवलॉकला बीचवरच्या कॅफेत खाल्लं तर गोव्याचे भाव, बाजारातल्या बंगाली खानावळीत भात-डाळ-भाजीची थाळी निम्म्याहून कमी. मासे खाणाऱ्यांनी थाळीतच घ्या, वजनावर मिळणारा लॉबस्टर बजेट बिघडवतो. बरंच सामान मुख्य भूमीवरून जहाजानं येतं त्यामुळे दूध, फळं, पॅकेटमधलं सगळं महाग वाटेल, त्यात दुकानदाराचा दोष नाही. पाण्याची बाटली घरून न्या आणि हॉटेलात भरून घ्या.

आईबाबा पासष्टीच्या पुढचे आहेत, झेपेल का?

झेपेल. सरकारी बोटीवर चढायची शिडी ओहोटीला थोडी तिरकी होते, हात धरायला कुणीतरी हवं, बोटीवरचे लोक आपणहून धरतात. सामान चाकाच्या मोठ्या बॅगेपेक्षा दोन छोट्यांत भरा. त्यांच्यासाठी हॅवलॉकला दोन दिवस रिक्षा ठरवा. औषधं पूर्ण दिवसांची अधिक आठवड्याची जास्त न्या, बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे पण मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरलाच.

बाराटांग करावं का?

चुनखडीच्या गुहा बघायला लोक या बेटावर जातात. माझं मत स्पष्ट आहे, नको. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटेपासून गाड्यांची रांग लागते आणि ठरलेल्या वेळी पोलीस ताफा सोडतात. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रस्त्याचा तो भाग बंद करायला सांगितलं होतं. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं सगळं गुन्हा आहे, तरी निम्मे लोक गुहांपेक्षा "ते लोक दिसतील का" म्हणून जातात. माणसं बघायला जायची गोष्ट नाही ही. पैशांच्या बाजूनंही बघा, पूर्ण दिवसाची गाडी लागते, तेवढ्यात नीलला आणखी एक रात्र राहता येतं.

दहा-बारा दिवस असतील तर पुढं कुठं?

लाँग आयलंड. काही ठरावीक वारी हॅवलॉकहून पुढं लाँग आयलंड आणि रंगतला सरकारी बोट जाते. गाव छोटं, राहायला मोजक्या जागा, आणि लालाजी बे बीचला जंगलातून चालत जायचं. वार चुकला तर तिथंच अडकाल, म्हणून जातानाच परतीच्या बोटीचा वार पक्का करा. लिटल अंदमानच्या हट बेला पोर्ट ब्लेअरहून बोटीचा बराच लांबचा पल्ला आहे, सर्फिंग करणारे आणि धबधबे बघणारे तिकडं जातात, ओंगे आदिवासींच्या भागात जायला बंदी आहे. निकोबारला पर्यटक म्हणून जाता येत नाही. भारतीयांना अंदमानच्या नेहमीच्या बेटांसाठी वेगळं परमिट लागत नाही, परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या नातेवाइकांनी मात्र नियम आधी बघून यावं.

स्कूबा करायचंय, बजेटमध्ये बसेल?

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठीचा छोटा डाइव्ह साधारण साडेतीन हजारापासून पुढं. बाकी सगळे वॉटर स्पोर्ट सोडा आणि हे एकच करा, हॅवलॉकला. जेट स्की आणि बनाना राइड मालवणलाही मिळतात. स्वस्त बघू नका, एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण आणि समजावून सांगायला किती वेळ देतात हे विचारा. सर्दी असेल तर पुढं ढकला, कान दुखतील. डाइव्हनंतर निदान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसायचं नाही, हे आणखी एक कारण शेवटी पोर्ट ब्लेअरला थांबायचं.

शंख-शिंपले आणले तर चालतात ना, दोन-चारच?

नाही. बीचवरचे शंख, पोवळ्याचे तुकडे काहीही आणायला बंदी आहे आणि एअरपोर्टवर बॅगेतून काढून घेतात. मुलांना आधीच सांगून ठेवा.

नेटवर्क आणि कॅशचं काय?

२०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला नेट चांगलं चालतं, हॅवलॉकलाही बरं चालतं, नीलवर कधी असतं कधी नसतं. एअरटेल किंवा बीएसएनएलचं एक सिम कुटुंबात असू द्या. बोटीची तिकिटं आणि हॉटेलची बुकिंगं मोबाईलमध्ये सेव्ह करून शिवाय प्रिंट काढून न्या. एटीएम मोजकी आहेत आणि सुट्टीच्या दिवसांत रिकामी होतात, त्यामुळे बेटांवरच्या दिवसांपुरती कॅश पोर्ट ब्लेअरलाच काढा, त्यात सुटे जास्त ठेवा, बसमध्ये आणि खानावळीत पाचशेच्या नोटेला सुटे मिळत नाहीत.